खासगी किल्ली सर्व्हरवरून हलवली: माझा अनुभव

पीडितांचे जबाब आणि वैद्यकीय कागद असलेल्या प्रकरणांच्या फाइली मी जीएनयू प्रायव्हसी गार्ड या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून) सर्व्हरवर ठेवत असे. एकदा बॅकअप तपासताना लक्षात आले की, त्या ज्या खासगी किल्लीने उघडतात ती त्याच सर्व्हरवर, पासफ्रेजशिवाय (किल्लीला संरक्षण देणाऱ्या पासवर्डसारख्या शब्दसमूहाशिवाय) पडून होती. सर्व्हर ज्याच्या हाती लागला असता, त्याला सारे जबाब सरळ वाचता आले असते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

फाइल एन्क्रिप्ट करायला जोडीतली दुसरी, सार्वजनिक किल्ली पुरते, खासगी किल्ली फक्त उघडायला लागते, त्यामुळे खासगी किल्ली तिथे असण्याचे कारणच नव्हते. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर मी किल्ल्यांची नवी जोडी तयार केली, तिला लांब पासफ्रेज दिला, तिच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर घेऊन वेगवेगळ्या तिजोऱ्यांत ठेवल्या आणि त्यानंतरच रोजच्या वापराची उपकिल्ली (मुख्य किल्लीला जोडलेली, फाइली उघडणारी किल्ली) हार्डवेअर टोकनवर, म्हणजे किल्ली आत जपणाऱ्या छोट्या उपकरणावर, हलवली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टोकनवर गेलेली किल्ली परत बाहेर काढता येत नाही आणि प्रत नसताना टोकन हरवले तर फाइली कायमच्या बंद होतात. किल्ली रद्द करण्याचे प्रमाणपत्रही वेगळे ठेवले.

खरा वेळ गेला तो जुन्या फाइलींत. त्या नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट केल्या आणि जुने बॅकअप नष्ट केले, कारण ते जुन्याच किल्लीने उघडत राहिले असते. तेव्हा दिसले की एका फाइलीला पीडितेचेच पूर्ण नाव दिलेले होते. एन्क्रिप्शन मजकूर झाकते, फाइलीचे नाव झाकत नाही. आता नावाच्या जागी फक्त क्रमांक असतो. शेवटी तिजोरीतील पेनड्राइव्ह वापरून दुसऱ्या संगणकावर एक फाइल उघडून पाहिली, आणि ती उघडली.