वन्यजीव छायाचित्रणात यायचंय? शिक्षणाची आखणी अशी करा

बारावीचा निकाल लागला की घरात कॅमेऱ्याच्या किमतीवरून चर्चा सुरू होते. माझ्या मते आधी पदवीचं ठरवावं. कॅमेरा सरावाने हातात बसतो. प्राण्याचं वागणं कळायला मात्र वर्षं जातात. म्हणून मुख्य शिक्षण प्राण्यांचं घ्या आणि छायाचित्रण त्याच्या जोडीने शिका.

पदवी. विज्ञान शाखेत असाल तर बीएस्सीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घ्या. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवविज्ञान संशोधन केंद्र, इथे वन्यजीव विषयात एमएस्सी करता येतं. जागा मोजक्याच असतात, त्यामुळे प्रवेश परीक्षेची तयारी लवकर सुरू करा. चित्रकलेकडे ओढा असेल तर मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात उपयोजित कलेची पदवी घेऊन पुढे गांधीनगरच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत छायाचित्रणात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. कोणतीही वाट धरा, 1883 पासून काम करणाऱ्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षिशास्त्रासारखा एखादा अभ्यासक्रम जरूर करा.

घराजवळची एक जागा. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. ताडोबाची सफारी वर्षातून एखाद्या वेळी परवडेल, गावचं तळं रोज परवडतं. तिथे वर्षभर जा, वही ठेवा, तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहा. खंड्या (किंगफिशर) पक्ष्याचंच बघा. तो ठरलेल्या फांदीवर परत परत येतो, मासा फांदीवर आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. माशाचं डोकं चोचीतून बाहेरच्या बाजूला असेल, तर तो घास मादीसाठी किंवा पिल्लांसाठी आहे. हे ठाऊक असेल तर पुढची हालचाल आधीच ओळखता येते. आणि पिल्लं जवळ असतील, तर आपण मागे सरायचं, हेही कळतं. जवळच्या जागेतूनही मोठं काम होतं: छायाचित्रकार नयन खानोलकर यांना 2016 मध्ये लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला, तो मुंबईतल्या वस्तीच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या छायाचित्राला.

कॅमेरा. सुरुवातीला सेकंड हँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दूरचं टिपणारी 70-300 मिमीची लेन्स पुरते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग 1/2000 सेकंदाच्या आसपास ठेवा. डोळ्यावर फोकस करा. जमिनीलगत बसून प्राण्याच्या नजरेच्या पातळीवरून टिपा.

कायदा आणि शिस्त. अभयारण्यात छायाचित्रं काढायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. घरट्याभोवतीची पानं कधीच बाजूला करू नका. पिल्लं उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यांना आयती सापडतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही टाळा.

पोटापाण्याचं. नुसती छायाचित्रं विकून घर चालवणारे फार थोडे आहेत, हे आईवडिलांना आत्ताच मोकळेपणाने सांगा. बाकीचे संशोधन प्रकल्पांसाठी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावतात, कार्यशाळा घेतात, माहितीपट करतात, लिहितात. पदवीच्या सुट्ट्यांमध्ये अशा एखाद्या प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून राहा. पुढची कामं बहुधा तिथल्या ओळखींतूनच मिळतात. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत नीट मजकूर लिहायची सवय लावा. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) पहिल्या दिवसापासून तारीख आणि ठिकाणासह जपून ठेवा, कारण मोठ्या स्पर्धांमध्ये अंतिम फेरीत तीच मागतात.