घर विकायला काढलंय? रंग देताना या चुका टाळा

"पाणी कुठवर आलं हुतं?"

सांगलीत घर बघायला आलेला माणूस हॉल केवढा, नळाला पाणी किती वेळ येतं, हे सगळं नंतर विचारतो. पहिला प्रश्न हा. आणि विचारताना त्याची नजर आपल्या तोंडाकडे नसते, भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोक विसरलेले नाहीत. २०१९ ला तर आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यामुळं 'विकायच्या घराला फिका रंग द्या' हा सल्ला बरोबर असला तरी इथं तेवढ्यावर भागत नाही. रंग बघून "काहीतरी झाकलंय" असं वाटलं, तर मग कितीही सुंदर ऑफ व्हाइट असो, माणूस जिन्यावरूनच परत फिरतो.

आईचं गावभागातलं घर आम्ही २०२० च्या शेवटी विकायला काढलं. पुढं सांगतेय त्यातल्या बहुतेक चुका मी तिथंच केल्यात. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणी घर विकायला काढलं की शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचा तक्ता, बघायला मला बोलावणं येतं.

जुन्या रंगावरच नमुना बघणं

आमचा हॉल हळदीच्या रंगाचा होता. वडिलांची हौस, आणि सांगलीत हळदीला नाव कोण ठेवणार? मोबाइलवर बघून मी एक फिका राखाडी निवडला. रंगारी अण्णांनी पिवळ्या भिंतीवरच त्याचा हातभर पट्टा मारला. बघते तर चक्क जांभळा! मी घाबरले आणि दुकानात जाऊन तपकिरीकडं झुकणारी शेड घेऊन आले. सगळा हॉल झाल्यावर, पिवळं नजरेआड गेल्यावर कळलं की भिंती विटलेल्या चहासारख्या दिसतायत. पहिला राखाडी चांगलाच होता. पिवळ्याशेजारी ठेवला की कुठलाही राखाडी डोळ्याला जांभळट-निळसर भासतो, तसा तो भासला होता.

म्हणून नमुना भिंतीवर मारूच नका. २ फूट बाय २ फुटांचा प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, आधी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. एक हात पुरत नाही, कारण खरी शेड दुसऱ्या हातानंतरच उमटते. पूर्ण वाळल्यावर तो तुकडा खोलीभर फिरवा, खिडकीसमोर, कोपऱ्यात, फरशीला टेकवून. सोबत कोरा पांढरा कागद धरा. शेड कार्डावर सगळे फिके रंग सारखेच वाटतात. कागद शेजारी आला की कुणात गुलाबी झाक आहे, कुणात हिरवी, ते लगेच उघडं पडतं.

मोबाइलवर बघून तर ठरवूच नका. प्रत्येक स्क्रीन वेगळी. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली बघूनही नको.

ट्यूबलाइट लावून न बघणं

आपल्याकडं घर बघायला लोक येतात संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर किंवा शेतावरून परतताना. म्हणजे तुमचा रंग ते ट्यूबलाइटखाली बघणार. बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी असतो. (केल्विन म्हणजे उजेडाची छटा सांगणारा, दिव्याच्या खोक्यावरचा आकडा. कमी असेल तर उजेड पिवळा, जास्त असेल तर निळसर-पांढरा.) त्याखाली राखाडी रंग निळसर आणि गार दिसतो, दवाखान्यात आल्यासारखा. उलट ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली क्रीम आणखी पिवळं होतं. नमुना सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून, असा तीनदा बघा.

रंग देऊन झालाय आणि आता निळा वाटतोय? लगेच रंगाऱ्याला फोन करू नका. आधी ४००० केल्विनचे दिवे लावून बघा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं, आणि परत रंग देण्यापेक्षा दिवे कितीतरी स्वस्त. तरीही निळंच दिसलं तर मग त्यावर थोड्या उबदार ऑफ व्हाइटचा हात.

फरशीला विसरणं

भिंती बदलता येतात, फरशी बदलत नाही, म्हणून रंग तिच्याकडं बघूनच ठरवायचा. जुन्या घरातल्या शहाबादीत निळसर-करडी झाक असते, तिथं स्वच्छ ऑफ व्हाइट किंवा अगदी फिका राखाडी शोभतो. नव्या फ्लॅटमधल्या क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्सवर तोच राखाडी लावला की फरशी कळकट वाटायला लागते. तिथं आयव्हरी किंवा फिकं बिस्किट बरं. सागवानी चौकटी आणि जुने दरवाजे असतील तर ते पॉलिशच करा. त्यावर ऑइल पेंट फासलेला बघितला की मला रडू येतं. असो.

पांढराशुभ्रही नको. छताला ठीक, भिंतीला नाही. शुभ्र भिंतीवर प्रत्येक बोट, प्रत्येक खिळ्याचं भोक आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दिसतो. शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. ० म्हणजे काळा, १०० म्हणजे शुभ्र. वाड्यातल्या काळोख्या खोल्यांना मी ७५ च्या पुढचा घेते, उजेडाच्या हॉलला ६५ च्या आसपासचाही चालतो.

ओलीवर रंग मारणं

सांगलीत सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पूर ओसरल्यावर भिंत वरून आठवड्यात वाळते, आतून महिनोन्‌महिने ओली राहते. पाणी बाहेर पडताना विटेतले क्षार घेऊन येतं आणि भिंतीवर पांढरी भुकटी जमते. तोच लोणा. त्यावर लांबी (पुट्टी) भरून, रंगाचे दोन हात मारून घर दाखवायला काढलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोपडे धरतात. बरं, वॉटरप्रूफ रंग मारला म्हणजे सुटलो असं समजू नका. आतलं पाणी कोंडतं आणि रंगाला फोड येतात.

तपासायची रीत साधी आहे. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतच आहे. बाहेरच्या बाजूला आले तर ती हवेतली. भिंतीत असेल तर रंगाचा विषय सध्या बंद.

लोणा पाण्यानं धुवायचा नाही. क्षार विरघळून परत आत शिरतात. कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडायचा. भिंत ठोकून बघा, पोकळ आवाज आला तिथला गिलावा काढा. नवा सिमेंटचा गिलावा किमान २८ दिवस वाळू द्या, मग अल्कलीला टिकणारा प्रायमर. घर चुन्याच्या गिलाव्याचं असेल तर ठिगळही चुन्याचंच लावा. सिमेंटनं ओल आतच अडकते आणि बाजूचा जुना गिलावा सुटायला लागतो.

आणि पाणी आलेल्या उंचीपर्यंतच नवा रंग, हे तर अजिबात नको. आम्ही ते केलं होतं. खर्च वाचवायला खालचे ४ फूट रंगवले, वर जुनाच ठेवला, 'डॅडो' म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाला मुद्दाम दिलेला वेगळा पट्टा म्हणून खपेल असं वाटलं. तासगावहून एक द्राक्षबागायतदार काका आले. त्यांनी चप्पल काढली, सरळ भिंतीपाशी उकिडवे बसले आणि दोन रंगांच्या सांध्यावर नख फिरवलं. मग आईकडं बघून म्हणाले, "वहिनी, पाणी इथवर आलं हुतं व्हय?" आईनं मान हलवली. जिन्याखालच्या कोठीत आम्ही रंग दिला नव्हता, ती त्यांना तिकडं घेऊन गेली. तिथं गाळाची तपकिरी रेघ तशीच होती, सांध्यापेक्षा वीतभर वर. ते घर त्यांनी काही घेतलं नाही. पण पुढच्या गिऱ्हाइकांना आई आधी कोठी दाखवायची आणि मग हॉल. भिंती तोवर खालपासून वरपर्यंत एकाच रंगाच्या झाल्या होत्या.

बाकीच्या लहानसहान चुका

टेक्श्चरची किंवा गडद रंगाची 'हायलाइट वॉल' विकायच्या घरात ठेवू नका. ती तुमची आवड, घेणाऱ्याला तिथं फक्त पुन्हा रंगवायचा खर्च दिसतो. मुलांच्या खोलीतली कार्टून्सही झाका, पण गडद रंगावर फिका देताना मध्ये प्रायमर हवा, नाहीतर चार हात मारूनही खालचं डोकावतं. देवघरामागचा निरांजनाचा काजळीडाग आणि गॅसमागचा तेलकटपणा आधी धुण्याच्या सोड्यानं काढायचा. नुसता रंग मारला तर तो पिवळा होऊन वर येतोच.

जुन्या, थोड्या वाकड्यातिकड्या भिंतींना मॅट. चकाकीच्या रंगावर ट्यूबचा उजेड तिरपा पडला की सगळे उंचवटे दिसतात.

रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या. ७०० चौरस फूट कार्पेट एरियाच्या फ्लॅटला भिंती आणि छत मिळून साधारण २१०० ते २४५० चौरस फूट होतात, त्या हिशोबानं. एकाच शेडचे डबे असले तरी मोठ्या बादलीत एकत्र घोळून घ्या. आणि नंतर डाग पडला तर तेवढ्याच जागी टचिंग करू नका. ठिगळ उठून दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत करा.

दसऱ्याला घर दाखवायचं म्हणून गणपतीच्या आत रंग उरकायची घाई बरेच जण करतात. पावसाळ्यातून भिंती अजून सावरलेल्याही नसतात. ऑक्टोबरचं ऊन दोन-तीन आठवडे खाऊ द्या, दिवाळीच्या आगेमागे रंग द्या. सौद्याला पुढं पाडवा, अक्षय्य तृतीया आहेच.

फोटो सकाळी दहाच्या सुमारास, खिडक्या उघडून, दिवे बंद ठेवून काढा, म्हणजे फोटोत आणि प्रत्यक्षात रंग एकच दिसेल. अर्धा-एक लिटर रंग डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा, आणि शेडचा नंबर कागदावर लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. आमचं घर घेतलेल्या बाईंनी सहा महिन्यांनी फोन करून तोच विचारला होता.