क्लच सोडला की 'टक्क': प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस कसा बदलावा

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडीखालून 'टक्क', रिव्हर्स घेताना पुन्हा 'टक्क'. एवढं ऐकून लोक थेट मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग उघडायला निघतात. थांबा. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आधी क्रॉस बघायचा. गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि त्याच्या टोकाच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा म्हणजे क्रॉस. क्रॉसच्या चार दांड्यांवर चार कप बसतात, आणि कपांच्या आत सुया, म्हणजे बारीक रोलर, असतात.

चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. खाली शिरून एका हाताने शाफ्ट, दुसऱ्याने फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडलेला असतो ती चकती) धरून उलटसुलट पिळा. शाफ्ट हलतोय आणि फ्लँज जागेवरच, तर क्रॉस गेला. दोन्ही मिळून किंचित फिरले तर तो क्राउन-पिनियनचा (हाउसिंगमधल्या गिअरांचा) खेळ, थोडा असतोच. कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली तर पिळत बसायचीही गरज नाही.

शाफ्ट आणि फ्लँजवर रंगाची खूण करा. सरकता जोड वेगळा होणार असेल तर त्यावरही. दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे तुकडे) एका रेषेत बसले नाहीत तर गाडी थरथरते. बोल्ट काढा, शाफ्ट उतरवा, सर्क्लिप (कप जागेवर धरणारी कडी) काढा, जुने कप व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) एक लहान आणि एक मोठी गोटी (सॉकेट) लावून दाबून काढा.

आता सुया. पहिल्यांदा माझा अर्धा रविवार यातच गेला. कप थोडा बाहेरच राहत होता, सर्क्लिप खाचेत जाईना. शेजारचा म्हणाला, "ठोका, बसेल." ठोकला, तर कपाचा तळच फुटला. आत एक सुई आडवी पडली होती. तेव्हापासून सांगतो: कप बसत नसेल तर हातोडा बाजूला ठेवा आणि कप बाहेर काढून सुया बघा. आधी कपात ग्रीस भरून सगळ्या सुया उभ्या चिकटवा. मग क्रॉसचा दांडा कपात शिरलेला ठेवूनच व्हाइस आवळा. दांडा आत असला की सुयांना पडायला जागाच उरत नाही. समोरचा कप लावताना क्रॉस मध्यावर आणा, पण दोन्ही दांडे आपापल्या कपातून निसटू देऊ नका.

जुन्या क्रॉसवर नवे कप घालायची काटकसर नको.

सर्क्लिप बसल्यावर क्रॉस जड फिरत असेल तर योकच्या कानांवर तांब्याच्या हातोडीने हलकेच टपला मारा, मोकळा होतो. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) ग्रीस गन पोचेल अशा बाजूला आहे ना, हे कप दाबण्याआधीच बघायचं. मी एकदा विसरलो आणि सगळं पुन्हा उघडलं. चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा, खुणा जुळवून शाफ्ट चढवा, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून बघा.