साक्ष देताना या चुका टाळा

तासगाव, विटा किंवा कराडच्या कोर्टात बांधाचा दावा लागला की साक्षीदार धास्तावतो तो समोरच्या वकिलाच्या उलटतपासाला. पण साक्ष बहुतेक वेळा बिघडते त्याआधीच, आपल्याच वकिलाच्या ऑफिसात, सरतपासाच्या (म्हणजे आपल्या बाजूने दिलेल्या मूळ साक्षीच्या) शपथपत्रावर न वाचता सही ठोकताना.

दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर होतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 18 नियम 4). ते लिहिलेलं असतं वकिली मराठीत. मग उलटतपासात विचारतात, "यात 'निर्वेध उपभोग' लिहिलंय, त्याचा अर्थ काय?" शेजारच्या मळ्यातला साक्षीदार गप्प. "शपथपत्र वाचून सही केली का?" "नाही, वकीलसाहेबांनी तयार केलं." त्या एका उत्तराने बाकीच्या बारा परिच्छेदांचं वजन घटतं. म्हणून सहीआधी प्रत्येक परिच्छेद वाचून घ्या आणि न कळणारा शब्द बदलायला लावा. बांध कोरताना पाहिलं नसेल, नुसतं कानावर आलं असेल, तर ते वाक्य काढूनच टाका.

दुसरा घोळ हो-नाहीचा. साक्ष नोंदवताना सहसा प्रश्न लिहिला जात नाही; प्रश्न आणि उत्तर मिळून एक सरळ विधान बनतं. "प्रतिवादीला विहिरीचं पाणी घ्यायला तुम्ही कधीच अडवलं नाही ना?" यावर साक्षीदार नुसतं "हो" म्हणतो. त्याच्या मनात असतं 'हो, अडवलं की!' कागदावर येतं, 'मी प्रतिवादीस पाणी घेण्यास कधीही अडवले नाही, हे म्हणणे खरे आहे.' अशा प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्या: "अडवलं होतं, मोटर बसवली त्या उन्हाळ्यात." साक्ष संपल्यावर टाइप केलेला कागद सहीला येतो तेव्हा घाई नको. चूक दिसली तर तिथेच न्यायाधीशांना सांगा. सही करून घरी गेल्यावर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून भागत नाही.

अंदाजाचे आकडे तर घात करतात. वाट किती फूट रुंद? साक्षीदार ठोकून देतो "वीस", आणि भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशात निघते अकरा. मोजलेलं नसेल तर "बैलगाडी जाईल एवढी" म्हणा. "माहीत नाही" म्हणजे कधी ठाऊकच नव्हतं. "आठवत नाही" म्हणजे ठाऊक होतं, विसरलो. दोन्ही उत्तरं चालतात, पण आपल्या सोयीच्या गोष्टी तेवढ्या आठवल्या की न्यायाधीशांच्या ते लगेच लक्षात येतं. आणि खिशातली चिठ्ठी बाहेर काढू नका. कागद पाहून आठवण ताजी करायची तर तो घटनेच्या वेळी किंवा लगोलग लिहिलेला असावा लागतो, आणि विरुद्ध बाजूला तो पाहून त्यावर उलटतपास घेता येतो.

फौजदारी खटल्यात गाठ पडते पोलीस जबाबाशी. साक्षीदार कोर्टात जे सांगतो ते जबाबात नसेल किंवा वेगळं असेल, तर बचावाचे वकील तो भाग दाखवून विचारतात. इथे पोलिसांना दोष देत बसण्यापेक्षा "मी सांगितलं होतं, जबाबात का नाही ते सांगता येणार नाही" एवढं पुरे, अर्थात ते खरं असेल तर. नवे वकील मात्र इथेच अर्ध्यावर थांबतात. साक्षीदाराला विसंगती दाखवतात, पण तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तोच मजकूर शाबीत करून घ्यायला विसरतात. मग युक्तिवादात ती विसंगती वापरताच येत नाही.

वकिलांची त्याहून महाग चूक म्हणजे आपल्या बाजूची सूचना न देणं, म्हणजे आपलं म्हणणं समोरच्या साक्षीदाराला उलटतपासात प्रश्न म्हणून न विचारणं. आरोपी त्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन गेला होता, हा बचाव असेल तर प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला ते विचारलंच पाहिजे. न विचारता सोडलेलं विधान मान्य धरलं जाण्याचा धोका असतो. फेरतपासावरही (उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारण्यावर) भिस्त ठेवू नये. तो उलटतपासात निघालेल्या गोष्टींच्या खुलाशापुरता असतो. नवा मुद्दा काढायला कोर्टाची परवानगी लागते, आणि ती मिळाली की समोरच्याला पुन्हा उलटतपास घेता येतो.

साक्षीदार फितूर झाला म्हणजे साक्ष वाया, हाही गैरसमजच. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 157 प्रमाणे अशा साक्षीतलाही विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं. तेव्हा त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने कोर्टाची परवानगी घेऊन त्याचा उलटतपास नीट करावा. चिडून दोन प्रश्नांत उरकू नये.