ताण मोजायची प्रश्नावली मराठीत केलीत? पाठवायच्या आधी थांबा

पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे पीएसएस, कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये काढलेली. मूळ 14 प्रश्न, पण जास्त करून 10 वालीच वापरतात. भाषांतर झालं रे झालं की लोक गूगल फॉर्म करून दोनशे जणांना पाठवतात आणि मग अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, जेमतेम 0.5 आला की डोकं धरून बसतात. अहो, आधी सात-आठ जणांसमोर बसा ना.

बसायचं म्हणजे एकेक प्रश्न वाचायला द्यायचा आणि विचारायचं, "यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा." त्यांचं उत्तर 2 आहे का 3, ते इथे सोडून द्या. 'ऑन टॉप ऑफ थिंग्ज'चं मी आधी 'गोष्टींवर वर्चस्व आहे असं वाटलं' केलं होतं, उलट इंग्रजीत करून घेतलं तेव्हाही ते झकास जुळलं, कुणाला काही खटकलं नाही, आणि मग एक काकू म्हणाल्या, "वर्चस्व? म्हणजे मी घरात दादागिरी करते का, असं विचारताय?" त्याचं 'सगळं आपल्या हातात आहे असं वाटलं' केलं, मग कुणी अडलं नाही. म्हणून बॅक ट्रान्सलेशन जुळलं की काम झालं असं समजू नका, शब्द जुळतात पण वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच चालू असतं.

दुसरी मेख नकाराची. 'कामं झेपत नाहीयेत असं किती वेळा वाटलं' आणि पर्याय 'कधीच नाही', दोन नाही एकत्र आले की माणूस दोनदा वाचतो आणि अंदाजे टिक करतो. 'कामं आवाक्याबाहेर गेलीत' असं लिहा, सुटला प्रश्न.

आता आकडे. 10 वालीत 4, 5, 7, 8 हे प्रश्न उलटे मोजायचे, 0 चे 4, 1 चे 3 असं. अल्फा पडला आणि नेमके हेच चार बाकीच्यांशी मायनसमध्ये दिसले तर भाषांतराला शिव्या देऊ नका, उलटं करायचं राहिलंय. उलटं करूनही एखादा एकटा पडला तर मात्र त्याची वाक्यरचना बघा. फॅक्टर अॅनालिसिसमध्ये, म्हणजे कोणते प्रश्न एकत्र चालतात ते बघताना, हे चार वेगळा गट करतात, ते बऱ्याच भाषांत दिसलंय, घाबरू नका.

रीटेस्टला, म्हणजे त्याच माणसांना तीच प्रश्नावली पुन्हा द्यायला, फार दिवस लावू नका. मूळ अभ्यासात दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ दोन दिवसांनी 0.85 होता, तोच सहा आठवड्यांनी, वेगळ्या गटात का होईना, 0.55. प्रश्न मागच्या महिन्याबद्दल असतात आणि ताण काय, माणसाचा बदलतोच. मी आठ-दहा दिवस ठेवतो, आणि मधे काही मोठं घडलं का तेही विचारतो.

आणि शब्द बदललात की फाइलला नवा नंबर द्या, नाहीतर अर्धा डेटा जुन्या 'वर्चस्वा'चा निघतो, मग कोणता कुठला ते शोधत बसा.