आंब्याच्या हंगामात चित्रांची वही कशी जगवावी

'रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा' असं सांगणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये देवगडात राहून दाखवावं. उजाडायच्या आत गडी बागेत, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवायचा, दुपारी आकारावारी निवड, संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री वाशीची गाडी. त्यात आमच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. या सगळ्यात हौस टिकवायची तर कशी, ते मला जमलं तसं सांगते.

आधी स्वप्न हातात मावेल एवढं करा. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली तेव्हा मला मुंबईला जे.जे. कलाशाळेत जायचं होतं. आता मला एक वही पुरी करायची आहे, आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात उगवणाऱ्या फुलांची, जलरंगात. 'चित्रकार व्हायचंय' म्हटलं की उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. वही म्हटलं की कळतं. तुमचं गाणं असेल तर 'गावच्या भजनात पेटीवर साथ करायची' इथपर्यंत आणा.

मग दिवसाचं वेळापत्रक करायचं सोडून वर्षाचं करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. माझ्याकडे मार्च ते मे सरळ काट. नोव्हेंबरपासून मोहोर आणि फवारण्या, म्हणजे अर्धी काट. ऑक्टोबरात भातकापणी. मग उरलं काय? पहिल्या पावसात तरवा, म्हणजे भाताची रोपं, पेरला की तो लावणीला यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि नेमकी तेव्हाच कातळावर दिपकाडी फुलते. पांढरी, लांब दांड्याची, कोकणच्या सड्यांवरचीच म्हणावी अशी. दुसरी फट गणपतीनंतर. भात निसवलेलं असतं, शेतात फार काम नसतं, आणि सडा सीतेच्या आसवांनी जांभळा झालेला असतो. (एवढंसं नाजूक फूल, पण जात कीटकभक्षी. पाण्यातले बारीक जीव मुळाशी पकडून खातं.) या दोन फटी माझ्या. तिथे लग्नाची आमंत्रणंसुद्धा मी नवऱ्यावर ढकलते. तुमच्या वर्षात अशा फटी वेगळ्या असतील. मच्छीमारांच्या घरात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पण तेव्हा जाळी दुरुस्तीला येतात, त्यामुळे सगळे दोन महिने मोकळे धरू नका.

काट मारलेल्या महिन्यांत चित्र पुढे नेण्याचा हट्ट मी धरत नाही. तेव्हा एवढंच करायचं की सामान मरू द्यायचं नाही आणि धागा सापडला पाहिजे.

सामानाचं सविस्तर सांगते, कारण कोकणात हौस दमटपणाने आधी मरते. कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. तांदूळ कोरडे भाजून, गार करून, फडक्यात पुरचुंडी बांधून आत टाका आणि पावसाळ्यात अधूनमधून पुन्हा भाजा. वड्यांचे रंग ओले असताना पेटी बंद केली की बुरशी आलीच, म्हणून रात्रभर उघडी ठेवायची, चुलीपासून जवळ पण धुरात नाही. ब्रश आडवे वाळवायचे, उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि केस सुटतात. हा डबा माझ्याकडे सासूबाईंच्या खाटेखाली असतो. कपाटात ठेवला असता तर काढण्यातच वेळ गेला असता. कूस बदलली, त्यांना पाणी दिलं, की पुढच्या कुशीपर्यंत कधी वीस मिनिटं मिळतात, कधी काहीच नाही.

धाग्यासाठी दोन सवयी. एक, काम थांबवताना कागदाच्या मागे पेन्सिलीने पुढचं काम लिहायचं: 'डावं पान, सावली बाकी'. महिन्याभराने उघडलं तरी विचार करत बसावं लागत नाही. दुसरी, फूल दिसलं की जागच्या जागी रंगाचा एक ठिपका. फोटो मीही काढते, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. पण मोबाईलमध्ये जांभळा बऱ्याचदा निळा होतो. म्हणून छोट्या वहीच्या कडेला तिथेच रंग लावून बघायचा आणि खाली जागा, तारीख. फूल तोडायचं नाही. दोन मिनिटांचं काम, गुरं बघायला गेलं तरी होतं.

घरच्यांना 'मला वेळ द्या' असं सांगून काही होत नाही. 'रविवारी दोन ते साडेतीन आजीजवळ तू बस' असं सांगितलं की मुलगा बसतो. गावभर मात्र बोलू नका. शेजारच्या काकी मला म्हणाल्याच, "फुलां रंगवून पॉट भरतला काय गो?" मी म्हटलं, "नाय ओ काकी," आणि चहा टाकला. वाद घालण्यात माझी वीस मिनिटं गेली असती.

एखादं वर्ष मात्र असं येतं की फटसुद्धा राहत नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, बागेतली जुनी कलमं मुळासकट आडवी झाली. अशा वेळी अपराधी वाटून घेत रात्री जागून चित्रं काढू नका. डबा बंद करा आणि पुन्हा उघडायची तारीख कालनिर्णयावर लिहा. मी घटस्थापना लिहिली होती. तारीख लिहिली की घरातल्यांनाही कळतं, हे सोडलेलं नाही.

राहिला पैसा. आंब्याचा पैसा घराचा. मी आंब्याची साठं आणि आमसुलं विकून येतं ते वेगळ्या डब्यात टाकते, त्यातून रंग. जलरंगाचा जाड, ३०० जीएसएमचा कागद इथे मिळेलच असं नाही, तो गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांकडून मागवा. यादी श्रावणातच पाठवा, कागदाचा फोटो जोडून. भाचा गाडीत बसल्यावर सांगितलंत तर तो चिपळूणहून शाळेची ड्रॉइंगची वही घेऊन येईल.