तुरीचा शेंडा खुडताना: फुटव्यामागची साखर आणि संप्रेरके

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास (ओळी) घेण्याची रीत जुनी आहे. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी आणि पुन्हा 65 दिवसांच्या सुमारास तुरीचा शेंडा खुडावा, ही शिफारसही आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र दिवस मोजून खुडणी केली तरी एका शेतात बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या नव्या फांद्या, भरघोस येते आणि शेजारच्या शेतात झाड बोडखेच राहते. हा फरक का पडतो हे कळण्यासाठी शेंडा तोडल्यावर झाडाच्या आत काय घडते, ते आधी पाहावे लागेल.

पानाच्या बगलेत जो बारीक डोळा असतो, तो संपूर्ण फांदीच असते, फक्त थांबवून ठेवलेली. त्याला कोण थांबवते, या प्रश्नाचे उत्तर 1930 च्या दशकात थिमन आणि स्कूग या संशोधकांनी बाकल्याच्या रोपांवर शोधले. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक (झाडात वाढीचे निरोप नेणारे रसायन) खोडातून खाली उतरते, आणि शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावले तरी खालचे डोळे दबलेलेच राहतात, असे त्यांना आढळले. पुढे कळले की ऑक्झिन स्वतः डोळ्यात शिरतच नाही. ते खोडात सायटोकायनिन या संप्रेरकाची निर्मिती कमी करते आणि स्ट्रिगोलॅक्टोन या दुसऱ्या संप्रेरकाची वाढवते. यांपैकी सायटोकायनिन डोळ्याला उठवते, तर स्ट्रिगोलॅक्टोन त्याला दाबून ठेवते.

एवढ्याने हिशेब पूर्ण होत नाही. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर या संथ गतीने सरकते. म्हणजे शेंडा खुडल्यावर 30 सेंटिमीटर खालच्या डोळ्याजवळचे ऑक्झिन कमी व्हायला दिवसभराहून अधिक वेळ लागायला हवा, पण वाटाण्याच्या रोपांत डोळे त्याच्या कितीतरी आधी हलू लागतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये याचा उलगडा केला. वाढता शेंडा हा साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असतो. तो नाहीसा झाला की पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून काही तासांतच खालच्या डोळ्यांकडे वळते आणि डोळा जागा होतो. शेंडा न कापता देठातून साखर पुरवली तरी डोळे फुटले, आणि शेंडा कापूनही पाने काढून टाकली तेव्हा फूट मंदावली. ही साखर म्हणजे सुक्रोज, आपल्या चहात पडते तीच. डोळ्यात ती नुसते खाद्य म्हणून नव्हे, तर निरोप म्हणूनही काम करते. साखर वाढली की डोळ्यातील ट्रेहॅलोज-6-फॉस्फेट (साखर किती आहे याची खूण देणारे रसायन) वाढते आणि स्ट्रिगोलॅक्टोनचा दाबही सैल पडतो.

म्हणून माझ्या मते खुडणीचा दिवस पंचांगावर नव्हे, पानांवर ठरवावा. डोळ्याला पहिला धक्का साखर देते आणि ती फूट टिकवून फांदी लांबवण्याचे काम संप्रेरके करतात. झाडाजवळ साखर शिल्लकच नसेल, तर शेंडा खुडून फक्त जखम होते. आपल्याकडे जूनमध्ये पेरलेल्या तुरीचे 45 दिवस नेमके जुलै-ऑगस्टच्या झडीत येतात. आठवडाभर आभाळ भरलेले असते, पाने पिवळसर झालेली असतात आणि काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरलेली असतात. अशा वेळी चार-सहा दिवस थांबावे, उघडीप मिळून जमीन वाफशावर येऊ द्यावी आणि वरची पाने पुन्हा हिरवीगार झाल्यावरच खुडणी करावी.

खुडताना शेंड्याकडचा फक्त पाच-सहा सेंटिमीटरचा कोवळा भाग काढावा. वेळ वाचवण्यासाठी विळ्याने वीतभर तुकडा उडवण्याची सवय मला अजिबात पटत नाही, कारण त्याबरोबर साखर तयार करणारी पूर्ण वाढलेली पानेही जातात. फुलकळ्या दिसू लागल्यावर मात्र खुडणी करू नये.

खताचा संबंधही याच साखळीशी आहे. स्ट्रिगोलॅक्टोन गटातले पहिले रसायन, स्ट्रिगॉल, 1966 मध्ये कपाशीच्याच मुळांच्या स्रावातून वेगळे केले गेले, आणि ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचे बी ज्या इशाऱ्याने रुजते, तो याच कुळातला. जमिनीत स्फुरद कमी पडले की मुळे स्फुरद मिळवून देणाऱ्या मित्रबुरशीला बोलावण्यासाठी हे रसायन जास्त सोडतात, आणि तेच झाडात वर चढून डोळे बंद ठेवते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद लवकर बांधले जाते आणि जागचे फारसे हलत नाही. त्यामुळे तुरीसाठी शिफारस असलेले हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद पेरणीबरोबरच बियाण्याखाली पडले पाहिजे. खुडणीनंतर वरून फेकलेले स्फुरद त्या फुटव्याच्या कामी येत नाही.

दाट पेरणीत दुहेरी तोटा होतो. खालच्या पानांना ऊन कमी मिळाल्याने साखर घटते, आणि वरच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी व दूर-लाल (लालच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा) भाग जास्त असल्यामुळे झाड उंच जाण्याचा पवित्रा घेऊन डोळे दाबते. दाटी झालेल्या तासात आधी विरळणी करावी, शेंड्याचे नंतर पाहावे.

कपाशीला हाच नियम डोळे झाकून लावू नये. तिथे बुंध्याजवळच्या डोळ्यांतून गळफांद्या (नुसत्या पानवाढीच्या फांद्या) निघतात आणि बोंडे मुख्यतः वरच्या फळफांद्यांवर लागतात, म्हणून अनेक जण खालची फूट उलट काढूनच टाकतात. मेपिक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाची फवारणी हा आणखी वेगळा विषय आहे. ते जिबरेलिन या खोड लांबवणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती रोखून पेरे आखूड करते, शेंडा मात्र जागच्या जागी राहतो.

ज्यांना हे स्वतः पडताळायचे असेल, त्यांनी एकाच तासातली सारख्या उंचीची झाडे निवडून त्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत. काही झाडे तशीच ठेवावीत, काहींचा फक्त शेंडा खुडावा, आणि काहींचा शेंडा खुडून उरलेली निम्मी पानेही काढावीत. प्रत्येक झाडावर जमिनीपासून त्याच पेऱ्यावरचा डोळा धरावा. सुरुवातीला तो जोंधळ्याच्या कणीएवढा, लवेने झाकलेला आणि खोडाला चिकटलेला असतो. फुटू लागला की आधी खोडापासून सुटतो आणि मग त्याच्या टोकाशी दुमडलेली पाने दिसतात. पट्टीने त्याची लांबी दर दोन दिवसांनी मोजून वहीत लिहावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक किती पडतो, यावरून आपल्या शेतातले झाड साखरेसाठी किती ओढीला आले आहे, याचा अंदाज येतो. निम्मी पाने गेलेली झाडे फार मागे पडली असतील, तर 65 दिवसांची खुडणी आणखी हलक्या हाताने, केवळ टोकाची कोवळी पाने चिमटून करावी.